कापून जोडलेली हलगी

"एक ठोका दाखवा, वस्ताद. एक तरी चुकलेला दाखवा, मी मान खाली घालतो."

इंद्रजितने हे तिसऱ्यांदा म्हटलं.

भैरू वस्ताद सोप्यात बसून शेंगा फोडत होते. मांडीवर फडकं, समोर सूप. त्यांनी एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले आणि दुसरी उचलली.

"कुलदीप कसा हाय?" त्यांनी विचारलं.

"बरा आहे म्हणतात."

"म्हंत्यात..."

एवढंच बोलून ते पुन्हा शेंगांना लागले.

मी शेजारीच बसलो होतो. वस्तादांच्या हलगीला मी घुमकं देतो. म्हणजे वर कडाडते ती त्यांची हलगी आणि खाली घुमतो तो माझा आवाज. एकतीस वर्षं हे चाललंय. घुमकं वाजवणाऱ्याला कुणी मत विचारत नाही, त्यामुळे त्याला ऐकायला भरपूर वेळ मिळतो. त्या सकाळीही मी ऐकतच होतो. शिवाय मला इंद्रजितचा राग आलेला होता, आणि रागावलेल्या माणसाने गप्प बसलेलं बरं.

इंद्रजित आमच्याच गावचा. पुण्यात एका स्टुडिओत काम करतो, स्वतःचं संगीतही तयार करतो. डोकं तल्लख, हे मान्य करायला हवं. फक्त ते आम्ही मान्य करायच्या आधी त्याने स्वतःच करून टाकलेलं असतं.

दोन वर्षांपूर्वी तो एक रेकॉर्डर घेऊन गावात आला. कुस्तीच्या मैदानात वस्ताद हलगी वाजवतात ती त्याला टिपायची होती. तीन गावांच्या तीन मैदानांत तो आमच्याबरोबर हिंडला. लांब बांबूला माईक बांधून तो हलगीच्या डोक्यावर धरून उभं राहायचं काम कुलदीपने केलं.

कुलदीप त्याचा मावसभाऊ. दोघं एका घरात वाढले, एका ताटात जेवले. पुढे कुलदीप तालमीत गेला आणि हा कॉम्प्युटरकडे. एवढा दांडगा पैलवान गडी दोन-दोन तास बांबू धरून उभा राही. हाताला रग लागते का विचारलं तर म्हणे, इंद्याचं काम आहे. तिसऱ्या मैदानात मात्र त्याची स्वतःची कुस्ती होती, म्हणून बांबू मांडवाच्या खांबाला बांधला.

सहा महिन्यांनी इंद्रजित लॅपटॉप घेऊन परत आला आणि आम्हाला त्याने सगळं समजावून सांगितलं. पडद्यावर वस्तादांची हलगी रेघांच्या रूपात दिसत होती. ठोका पडला की रेघ उभी राहते. सॉफ्टवेअर ती उभी रेघ ओळखतं आणि तिथे आपोआप काप देतं. असे हजारो तुकडे झाले. त्यातले दोनशे बारा त्याने निवडले. मग त्यांचा क्रम बदलला, पुढचे मागे आणि मागचे पुढे केले, आणि प्रत्येक तुकडा चौकटींच्या कागदावर मांडावा तसा बरोबर रेघेवर बसवला. काही तुकडे पुन्हा पुन्हा फिरत राहतात, त्याला लूप म्हणतात.

"आन बाकीचं?" वस्तादांनी विचारलं होतं.

"नको ते काढून टाकलं. खोकला, लोकांची बडबड, मधली रिकामी जागा."

"बरं," वस्ताद म्हणाले.

मग त्याने ते ऐकवलं. नऊ मिनिटं. खरं सांगतो, अंगावर काटा आला. वस्ताद तिशीत जसे वाजवत असतील तसं, दम न लागता, घाम न पुसता. निघताना इंद्रजित त्यांच्या पाया पडला आणि म्हणाला, "वस्ताद, तुम्हाला मी अमर केलं." अमर केल्यावर माणसाला चहा पाजावा लागतो, तो आम्ही पाजला.

यंदा यात्रा कमिटीने ठरवलं की मैदानात हाच ट्रॅक स्पीकरवर लावायचा. त्यांचंही फार चुकलं असं मी म्हणणार नाही. वस्ताद चौऱ्याहत्तर वर्षांचे, वर चैताचं ऊन. हलगी वस्तादांचीच, फक्त वस्तादांना त्रास नको, असं अध्यक्ष म्हणाले. त्यांनी वस्तादांना फेटा बांधला, शाल दिली, नारळ दिला आणि पहिल्या रांगेत खुर्चीवर बसवलं. मला शेजारची खुर्ची मिळाली. नारळ नाही मिळाला.

संध्याकाळी पाचच्या सुमारास कुलदीपची कुस्ती लागली. समोर शेजारच्या तालुक्यातला एक पोरगा होता, चांगला, सरळ पोरगा. दहा मिनिटं दोघं एकमेकांना चाचपत होते. मग त्या पोराने कुलदीपचा हात धरून पाठीमागे वळवला. ट्रॅक तेव्हा टिपेला पोचला होता. लोक उभे राहिले, टोप्या उडायला लागल्या.

हात नको तितका वळला...

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. पाच हजार माणसांच्या गलक्यात पंचाची शिट्टी कुणाला ऐकू जात नाही. पैलवानाचा कान हलगीवर असतो. गडी अडचणीत आला, हातपाय वाकडा पडला, की हलगीवाला थांबतो. हलगी थांबली की दोन्ही पैलवान पकड ढिली करतात. हे कुठल्या नियमाच्या पुस्तकात नाही. तालमीत पोरं जोर मारायला शिकतात तेव्हाच हेही शिकतात, आणि कुणी शिकवलं ते पुढे त्यांना आठवत नाही.

त्या दिवशी पंच शिट्टी मारत राहिला आणि हलगी वाजत राहिली. पंच मधे पडेपर्यंत कुलदीपचा खांदा निखळला होता, आतलं बरंच काही फाटलं होतं. तो समोरचा पोरगा मातीत बसून रडला. म्हणाला, "हलगी चालू होती. मला वाटलं कुस्ती चालू आहे."

दोन महिन्यांनी कुलदीपची राज्याच्या स्पर्धेची निवड होती. डॉक्टरांनी सांगितलं, हात वर जाईल. कुस्तीचं आत्ताच विचारू नका.

कोल्हापूरच्या दवाखान्याच्या दारात इंद्रजितची मावशी, म्हणजे कुलदीपची आई, त्याला एकच वाक्य बोलली. "तुझी हलगी थांबली न्हाई रं, इंदर." ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तो दारातूनच माघारी फिरला आणि त्यानंतर आठ दिवस तिकडे फिरकला नाही.

आणि आज नवव्या दिवशी सकाळी लॅपटॉप काखोटीला मारून तो वस्तादांच्या सोप्यात हजर होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"गावात लोक काय म्हणतात ऐकलंत ना तुम्ही?" तो म्हणाला. "मशीन चुकलं म्हणतात. मशीन चुकत नाही, वस्ताद. मी एकेक ठोका हाताने तपासलाय. तुम्ही ऐका. तुमच्याइतकं कळणारं दुसरं कुणी नाही. चूक असेल तर सांगा, नसेल तर तसं सांगा."

हात दाखवून अवलक्षण करून घेणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. पण त्याच्या आवाजात नुसता ताठा नव्हता. आठ दिवसांत त्याची दाढी वाढली होती आणि दारात काढलेल्या त्याच्या चपला दोन वेगवेगळ्या जोडांच्या होत्या. माझा राग थोडा कमी झाला. फार नाही.

वस्तादांनी फडकं झटकलं.

"लाव," ते म्हणाले.

इंद्रजितने त्यांच्या कानांवर हेडफोन चढवला. टोपी काढायला लागली. कान झाकले गेल्यावर वस्तादांचा आवाज आपोआप मोठा झाला आणि ते गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "दत्तू, दाणं तोंडात टाकू नगं, दिसतंय मला."

मी हात मागे घेतला.

नऊ मिनिटं ते ऐकत होते. डोळे मिटलेले, हात गुडघ्यांवर. आम्हाला काही ऐकू येत नव्हतं. इंद्रजित त्यांच्या चेहऱ्याकडे असा बघत होता जसा निकालाच्या दिवशी पोरगा मास्तरांकडे बघतो.

वस्तादांनी हेडफोन काढला. टोपी घातली.

"एक बी चुकला न्हाई."

"नक्की?"

"एवढं बिनचूक मी जल्मात वाजवलं न्हाई."

इंद्रजितने डोळे मिटून मोठा श्वास सोडला. मग तो भराभर बोलू लागला. हेच वस्तादांनी कमिटीसमोर सांगावं. अध्यक्ष त्यांचं ऐकतात. आणि जमलं तर मावशीलाही एकदा सांगावं, तिचा वस्तादांवर विश्वास आहे.

"सांगंन की," वस्ताद म्हणाले. "तुझ्या कामात काय खोट न्हाई असं सांगतो. आज सांजच्याला सांगतो."

"उपकार होतील, वस्ताद."

"हं..."

हवं ते मिळालं की माणसाने उठावं. इंद्रजितने लॅपटॉप मिटला, पिशवीत घातला, पिशवीची चेन लावली. आणि तो तसाच बसून राहिला. मी दोनदा त्याच्याकडे पाहिलं. त्याला जायचं नव्हतं की जाता येत नव्हतं, मला कळेना.

वस्तादांनी आणखी पाचसहा शेंगा फोडल्या.

"ते पयलं हाय का तुझ्याकडं?" त्यांनी विचारलं. "न कापल्यालं."

"आहे. तिन्ही मैदानांचं."

"तिसऱ्याचं लाव. हे कानातलं नगं, दत्तूला बी ऐकू दे."

इंद्रजितने लॅपटॉप पुन्हा काढला. सोप्याच्या जमिनीवर ठेवला आणि आवाज वाढवला.

दोन वर्षांपूर्वीची दुपार सोप्यात आली. गलका, भोंगा, भेळवाल्याची घंटी, कुणाचा तरी खोकला, तो बहुधा माझाच. मग हलगी सुरू झाली. ट्रॅकमधल्याइतकी ती सफाईदार नव्हती. मधेच दम घ्यायची, मधेच उगाच पुढे धावायची. खाली माझं घुमकं होतं. इंद्रजितने निवडलेल्या दोनशे बारा तुकड्यांत त्याला फारशी जागा मिळाली नव्हती, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं आणि थोडं लागलंही.

चार मिनिटांनी हलगी थांबली.

इंद्रजितचा हात सवयीने पुढे गेला. "हे रिकामं आहे. पुढे नेतो."

"राहू दे."

"काही नाहीये यात, वस्ताद. फक्त लोक आहेत."

"राहू दे की..."

आम्ही ऐकत राहिलो. लोकांचा गलका एकदम खाली आला, मग हशा उसळला. वस्तादही हसले. त्यांनी सांगितलं, ही त्या उचगावच्या गड्याची कुस्ती. लांग सुटली होती त्याची. हलगी थांबली म्हणून गडी अब्रूनिशी वाचला, नाहीतर डाव टाकायच्या नादात पाच हजार लोकांनी सगळं बघितलं असतं. दोघांनी पकड सोडली, याने लांग बांधली आणि परत भिडले.

हलगी पुन्हा सुरू झाली.

सहा-सात मिनिटांनी पुन्हा थांबली. हा कुणाचा तरी कान फाटला तेव्हाचा. वस्तादांना गाव आठवत होतं, पोराचं नाव आठवत नव्हतं. मला नाव आठवलं, पण मला कुणी विचारलं नाही. इंद्रजित आता पडद्याकडे बघत होता. हलगी वाजत असली की पडद्यावर काट्यांचं कुंपण दिसायचं, थांबली की त्या जागी सपाट रेघ.

"असं किती वेळा थांबता तुम्ही?" त्याने विचारलं.

"मी कशाला मोजतोय."

मग तिसऱ्यांदा हलगी थांबली. ती अशी थांबली की मलाही आठवलं. वाजता वाजता, ठोका अर्धा हवेत असताना.

गलका विरला. कुणीतरी म्हणालं, "गुडघा, गुडघा बघा." पावलांचे आवाज आले. पंचाचा आवाज आला, काय बोलला ते कळलं नाही. मग मांडवाच्या खांबाजवळून, म्हणजे माईकच्या अगदी जवळून, एक दमलेला आवाज आला.

"काय न्हाई झालं. सोडलं त्यानं येळंवर. वाजवा, वस्ताद."

आणि थोडं थांबून, हसत, "इंद्या, बांबू हलतोय बघ, नीट बांध."

तो कुलदीप होता.

पुन्हा हलगी सुरू झाली. इंद्रजितने हात लांब करून आवाज बंद केला.

गल्लीतून एक बैलगाडी गेली. वस्तादांनी सूप बाजूला सरकवलं.

"हे मी ऐकलं नव्हतं," इंद्रजित म्हणाला. "तेव्हा मी स्टेजकडे होतो, वायरी बघत. आणि नंतर कापताना मी पडद्याकडे बघतो. ऐकत नाही. सपाट दिसलं की तिथून तिथपर्यंत कापून टाकतो... सगळेच असं करतात, वस्ताद."

"करत असत्याल."

"एक करता येईल." तो एकदम सरसावून बसला. हुशार माणसाला दुखलं की तो उपाय शोधायला लागतो, रडायला नाही. "मी एक बटण करतो. ट्रॅक चालू असताना पंचाने दाबलं की हलगी तिथल्या तिथे थांबेल. फार अवघड नाही. दोन दिवसांत करून देतो. मग हा प्रश्नच राहणार नाही."

मला वाटलं वस्ताद आता चिडतील. जुनी माणसं यंत्राचं नाव काढलं की चिडतात असा आपला एक समज असतो.

"कर की," वस्ताद म्हणाले. "चांगलं हाय. मी म्हातारा झालो, कुणीतरी थांबवायला पायजेच. पंच नगं पर, त्याला कामं लई. दत्तूला दे. त्याला बघत बसायची सवय हाय."

एकतीस वर्षांत त्यांनी माझं केलेलं हे पहिलं कौतुक. मी खाली मान घालून एक दाणा खाल्ला.

इंद्रजितचा चेहरा मात्र उजळला नाही. उपाय सापडला होता, कामात खोट नसल्याचा निवाडा मिळाला होता, बटणाला परवानगीही मिळाली होती. तरी तो बसूनच होता, आणि पिशवीची चेन उघडत होता आणि लावत होता.

"सांजच्याला मी तुझ्या मावशीकडं जातो तवा," वस्ताद सावकाश म्हणाले, "आणखी एक सांगायचं हाय मला तिला."

"काय?"

"त्या दिवशी मी म्होरं बसलो हुतो. फेटा बांधून. मांडीवर नारळ. तुझी हलगी लागली आन माझी बोटं नारळावर चालाय लागली. सवय. कुस्तीकडं बघत बघत वाजवत हुतो, नारळावर." त्यांनी उजवा हात पुढे केला आणि बोटं हवेत चालवून दाखवली. "कुलदीपचा हात मागं गेला. मी बगितलं. आन माझा हात थांबला."

त्यांनी बोटं थांबवली. हात तसाच हवेत राहिला.

मला ते आठवलं. मी शेजारी होतो. नारळावरची टकटक थांबल्याचं मला जाणवलं होतं, आणि मीही सवयीने गुडघ्यावरचा हात उचलला होता. मग आम्ही दोघांनी वर स्पीकरकडे पाहिलं होतं.

"हात थांबला," वस्ताद म्हणाले, "आन हलगी चालूच. माझीच हलगी. मी वराडलो, कुणाला ऐकू जातंय. उठून म्होरं जायचं, तर फेटा, शाल, खुर्च्या... आन खरं सांगू का पोरा? रुसलो बी हुतो जरा. मला बसवलं म्हणून. त्या रुसव्यात एक घटका गेली, ती गेलीच."

"वस्ताद, तुमचं काय त्यात..."

"दोनशे बारा ठोकं तू म्हंतोस. सगळं माझंच. त्यात दुसऱ्या कुणाचा एक तरी हाय का?"

इंद्रजितने नकारार्थी मान हलवली.

"मग हात माझाच. कुलदीपचा खांदा माझ्या हातानं गेला. तिला मी हेच सांगणार हाय. पोरगं बिनचूक हाय म्हणावं, हात माझा हुता."

त्यांच्या बोलण्यात कुठे कावा नव्हता. मी त्यांना एकतीस वर्षं ओळखतो. कुणाला शिकवायला म्हणून ते काही बोलत नाहीत, तेवढं सुचतही नाही त्यांना. आठ दिवस ते नीट जेवत नव्हते, हे वहिनींनी मला सांगितलं होतं. ते जे बोलले ते त्यांना तसंच वाटत होतं.

इंद्रजितला हवं होतं ते आता पूर्ण मिळालं होतं. त्याच्यावरचा बोल दुसऱ्याने स्वतःहून उचलला होता, आणि तोही असा दुसरा, ज्याला गाव काही म्हणणार नाही. त्याने फक्त गप्प राहायचं होतं.

त्याने पिशवी बाजूला ठेवली.

"असं नका सांगू तिला," तो म्हणाला.

"का?"

"तुमचा हात थांबत होता, वस्ताद. प्रत्येक वेळी थांबत होता. आत्ता ऐकलं ना आपण. ते थांबणं मी काढून टाकलं. मला ते नको होतं... ट्रॅकचा जोर जात होता त्याने. ठोके तुमचे असतील. पण लावले मी. तुम्ही कधी असं वाजवलंच नव्हतं. मी वाजवलं ते. आणि मी कुस्तीकडे बघतसुद्धा नव्हतो. मी तेव्हा स्पीकरपाशी उभा राहून लोक कसे नाचतात त्याचा व्हिडिओ काढत होतो. भाऊ आत होता माझा, आणि मी..."

तो गुडघ्यांत डोकं घालून रडला. चांगला दणकट पोरगा, लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. त्याच्यावरचा माझा राग तिथे संपला. उठून पाठीवर हात ठेवावा असं वाटलं, पण वस्ताद हलले नाहीत, म्हणून मीही हललो नाही.

आतून वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, आमच्याकडे पाहिलं, आणि तांब्या ठेवून काही न विचारता आत गेल्या.

वस्ताद थांबले. त्याचं रडणं पूर्ण ओसरेपर्यंत थांबले. मग तांब्या त्याच्याकडे सरकवला. तो पाणी प्यायला, तोंडावरून हात फिरवला.

"म्हणूनच नाही गेलो मी दवाखान्यात," तो म्हणाला. "चूक नव्हती असं कुणीतरी सांगितलं असतं तर गेलो असतो. आता कसा जाऊ?"

"एस्टी हाय की साडेअकराची."

"तसं नाही, वस्ताद. आत गेल्यावर... त्याच्यासमोर उभं राहून काय सांगू? चुकलो म्हणू? त्याचा खांदा गेलाय, वस्ताद. त्याची अख्खी... तुम्हीच सांगा काय बोलू. तुम्ही सांगाल ते शब्दाला शब्द बोलतो."

वस्तादांनी फडक्यातली टरफलं गोळा केली, उठले, अंगणाच्या कडेला जाऊन झटकली आणि परत येऊन बसले.

"मी परवा जाऊन आलो त्याच्याकडं," ते म्हणाले.

परवा वस्ताद सकाळच्या एस्टीने कोल्हापूरला कशाला गेले होते, हे मला तेव्हा कळलं. मला त्यांनी दात दाखवायला जातो म्हणून सांगितलं होतं.

इंद्रजितने मान वर केली. डोळे लाल झाले होते.

"बोलला का तो? काय म्हणाला? ट्रॅकचं काही म्हणाला का? कुणी केला, का केला... माझ्याबद्दल काही विचारलं का त्याने?"

"त्यातलं काय न्हाई इचारलं," वस्ताद म्हणाले. "इंद्या कधी येतोय, एवढंच इचारत हुता."